रूळ नसलेल्या वाटेने

विलायतेची वर्णने आता मराठी वाचकाला नवी राहिलेली नाहीत. बिग बेन, टॉवर ब्रिज, शेक्सपिअरचे घर आणि छत्री विसरल्या दिवशी आलेला पाऊस एवढे सांगून झाले की प्रवासवर्णन संपते. हल्ली तर आमच्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर एक तरी घर असे आहे, की ज्याचा मुलगा किंवा मुलगी तिकडे असते. तेव्हा लंडनविषयी मी एक अक्षरही लिहिणार नाही, हे वाचकांना आधीच सांगून टाकतो. सांगायचे आहे ते साडेआठ मैलांच्या एका खडीच्या रस्त्याविषयी. या रस्त्यावर मोटार येत नाही, स्कूटर येत नाही, ट्रकचे तर नावच नको. येतात ती माणसे, कुत्री, क्वचित एखादा घोडा आणि सायकली. पुण्याच्या रस्त्यांवर सायकल चालवण्याचे धाडस मी कधीच सोडून दिले आहे. अशा माणसाला हे वर्णन पुराणातल्या कथेसारखे वाटावे, यात नवल नाही.

२०२४ च्या मे महिन्यात, परीक्षांचे पेपर तपासून हातावेगळे झाल्यावर, मी माझ्या थोरल्या बहिणीकडे शेफील्डला गेलो होतो. शेफील्डच्या नैर्ऋत्येला डर्बिशरचा डोंगराळ मुलूख लागतो. १९५१ साली ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते याच मुलखात. राष्ट्रीय उद्यान म्हणजे तिथे वाघ-हरणे पाहायची असतात असे नव्हे. त्यात गावे आहेत, शेते आहेत, मेंढ्या तर माणसांहून अधिक आहेत. या मुलखातून वाय नावाची नदी वाहते. वेल्सच्या सीमेवर याच नावाची एक मोठी आणि प्रसिद्ध नदी आहे. ही ती नव्हे. ही बक्सटन गावाजवळ उगम पावते, चुनखडीच्या उंच कड्यांमधून वाट काढीत बेकवेल गावावरून जाते आणि थोडे पुढे डरवेंट नदीला मिळते. कोयनेच्या काठी वाढलेल्या मला तिला नदी म्हणायला प्रथम संकोचच वाटला. आमच्याकडे एवढ्या पाण्याला ओढा म्हणतात. पण पाणी असे निवळशंख, की पुलावरून वाकून पाहिले तर तळाचे गोटे मोजावेत आणि त्यांच्यावर स्थिर उभे राहिलेले ट्राउट मासेही मोजावेत.

आता रस्त्याचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. हा रस्ता मुळात रस्ता नव्हेच. ती आगगाडीची वाट. मिडलंड रेल्वे कंपनीने १८६३ साली ही दरी फोडून बक्सटनपर्यंत रूळ नेले, आणि १८६७ पासून याच मार्गाने लंडन-मँचेस्टर गाड्या धावू लागल्या. शंभर वर्षे त्या धावल्या. मग मोटारी वाढल्या, आगगाड्या तोट्यात गेल्या, आणि १९६८ मध्ये हा मार्ग बंद झाला. रूळ उखडले गेले, रुळाखालची जमीन तेवढी उरली. पुढे ती उद्यानाच्या अधिकाऱ्यांकडे आली आणि १९८१ मध्ये पायवाट म्हणून खुली झाली. पण वाटेतले बोगदे मोडकळीस आलेले असल्यामुळे लोकांना डोंगर चढून वळसा घालावा लागे. ते दुरुस्त होऊन, आत दिवे लागून, २०११ च्या मे महिन्यात उघडले, आणि तेव्हापासून ही ‘मॉन्सल ट्रेल’ सायकलवाल्यांचे तीर्थक्षेत्र झाली आहे.

सोबतीला माझा चौदा वर्षांचा भाचा होता. त्याच्याकडे ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाची सायकल आहे. ग्रॅव्हल म्हणजे खडी. वळणदार हँडल शर्यतीच्या सायकलीचे, टायर मात्र जाड आणि नक्षीचे, असा तो संकर आहे. खडीवर चालणारी खास सायकल म्हणून तिकडे तिचे फार कौतुक, आणि किंमत ऐकून मी दोन मिनिटे गप्प बसलो. आमच्या लहानपणी सगळ्याच सायकली खडीवरच चालत. डांबर नंतर आले. तेही आले तसे पहिल्या पावसात गेले. त्यामुळे चांगल्या रस्त्यावर मुद्दाम बारीक चुनखडी पसरून, रोलर फिरवून, त्याला डांबर लावायचे नाही असे ठरवणारे लोक जगात आहेत, ही गोष्ट पचायला मला वेळ लागला. पण चाके त्यावर फिरू लागली आणि पटले. डांबरावर चाक गुपचूप जाते. खडीवर ते बोलते. करकर करकर असा एक बारीक, सारखा आवाज पायांखाली चालू राहतो आणि त्या आवाजाच्या लयीत माणूस आपोआप हळू होतो.

हॅसॉप नावाच्या जुन्या स्टेशनात मी भाड्याची साधी सायकल घेतली. स्टेशनात आता चहाफराळाचे दुकान आहे. आगगाडीला उभा चढ चढता येत नाही, हे या वाटेचे मोठे सुख. चढ आहे, पण तो डोळ्यांना दिसत नाही, फक्त मांड्यांना कळतो. चाळिशी उलटलेल्या प्राध्यापकाच्या गुडघ्यांचा विचार करून जणू मिडलंड कंपनीने ही वाट आखली. दोन्ही बाजूंना हॉथॉर्नची काटेरी कुंपणे पांढऱ्या फुलांनी लगडली होती. पलीकडे रचीव दगडांच्या गडग्यांनी आखलेली कुरणे. समोरून येणारा प्रत्येक माणूस ‘मॉर्निंग’ म्हणत होता. पंधराव्या ‘मॉर्निंग’नंतर मी ‘राम राम’ म्हणायला सुरुवात केली. कुणाचीही तक्रार आली नाही. भाचा मात्र अनोळखी असल्यासारखा वीस पावले पुढे गेला.

ग्रेट लॉन्गस्टोन मागे पडले की हेडस्टोनचा बोगदा लागतो. सुमारे पाऊण फर्लांगाहून अंमळ कमी म्हणावे असे अनेक बोगदे मी खंडाळ्याच्या घाटात पाहिले आहेत, पण ते आगगाडीच्या खिडकीतून. बोगद्यात स्वतःच्या पायांनी शिरणे ही वेगळीच गोष्ट आहे. हा तर त्यांच्याहून बराच लांब, जवळजवळ पाचशे मीटरचा. आत शिरताच मे महिना बाहेर राहतो आणि अंगावर थंडगार ओलावा येतो. वर पाहिले तर दिव्यांच्या उजेडात छत काळेभोर दिसते. ती शंभर वर्षांच्या इंजिनांची काजळी. कुठेतरी थेंब टपटपत असतात. भाच्याने ‘मामाऽ’ अशी हाक मारून पाहिली, ती पुढून मागून आणि वरून परत आली.

आणि बोगदा संपतो तो थेट आकाशात. पुढची वाट दरीवर बांधलेल्या पाच कमानींच्या उंच पुलावरून जाते. खाली वाय नदीचे वळण, दोन्हीकडे हिरवे उतार. हे दृश्य डर्बिशरच्या प्रत्येक कॅलेंडरावर असते. गंमत अशी, की हा पूल बांधला तेव्हा त्याच्यावर सर्वांत जास्त संतापला होता तो जॉन रस्किन. डोंगर फोडले, दरी भरली, देवांचे निवासस्थान नासले, आणि हे सारे कशासाठी, तर बक्सटनच्या रिकामटेकड्याने अर्ध्या तासात बेकवेलला पोचावे म्हणून, अशा अर्थाचा त्याचा त्रागा प्रसिद्ध आहे. आज तोच पूल या दरीचे भूषण आहे. रेल्वे बंद पडल्यावर, १९७० मध्ये, त्याला कायद्याने संरक्षण देण्यात आले. आपल्याला रस्किनचा परिचय आहे तो गांधीजींमुळे. त्याचे ‘अन्टू धिस लास्ट’ त्यांनी १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत वाचले आणि त्यातून पुढे ‘सर्वोदय’ निघाले. रेल्वेचा एवढा तिटकारा असलेल्या लेखकाचे ते पुस्तक गांधीजींनी वाचले कुठे, तर जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना, आगगाडीत! पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून मी हे भाच्याला सांगितले. त्याने विचारले, “मग तो बरोबर होता की चूक?” मी म्हटले, बाबा रे, परीक्षेत असा प्रश्न आम्ही दहा गुणांना घालतो आणि उत्तर विद्यार्थ्यांकडून घेतो.

इथपर्यंतची सफर ही सुंदर सफर होती, आणि एवढ्यावर लेख संपला असता तर मी तो लिहिलाच नसता. पुढे दरी अरुंद होते. क्रेसब्रुकच्या बोगद्याच्या अलीकडे नदीपलीकडे एक भव्य दगडी इमारत दिसते. खिडक्यांच्या ओळीवर ओळी, वर एक छोटा घंटेचा मनोरा. एखादा राजवाडा किंवा महाविद्यालय असावे असे वाटते. भाच्याने फोनवर पाहून सांगितले, “मामा, कॉटन मिल.” मी सायकलवरून उतरलोच. गिरणी? या मेंढ्यांच्या रानात?

पण विचार केला म्हणजे गिरणी इथेच असायची. वाफेचे इंजिन सर्रास होण्यापूर्वी सूत काढण्याची यंत्रे पाण्याच्या जोरावर फिरत. रिचर्ड आर्कराइटने १७७१ साली पाण्यावरची सूतगिरणी उभारली ती इथून फार दूर नसलेल्या क्रॉमफर्डला, आणि मग या खोऱ्यातल्या प्रत्येक वाहत्या पाण्यावर गिरण्यांचे डोळे गेले. पाणी होते, माणसे नव्हती. डोंगरातल्या या आडवळणी कामाला मजूर मिळेनात. तेव्हा मालकांनी एक उपाय काढला. लंडनमधल्या अनाथाश्रमवजा ‘वर्कहाउसां’त पोरे खितपत पडलेली होती, त्यांचा खर्च त्या त्या भागाच्या करदात्यांवर पडे. ती पोरे ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणून गिरणीला देऊन टाकायची. वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत गिरणीने त्यांना खायला घालावे आणि राबवावे. दोघांचीही सोय झाली. पोरांना कुणी विचारण्याचा प्रश्न नव्हता.

क्रेसब्रुकचा व्यवस्थापक विल्यम न्यूटन हा मूळचा सुतार आणि हौशी कवी. त्याच्या हाताखाली पोरांचे हाल त्या मानाने कमी होते असे म्हणतात. पण क्रेसब्रुकचा आणि त्यापुढचा लिटनचा असे दोन बोगदे ओलांडले की खाली लिटन मिल लागते, आणि तिची कीर्ती वेगळी आहे. वाटेवरून एक पायवाट झाडीतून खाली उतरते. सायकली वर कुलूप लावून ठेवल्या आणि आम्ही नदीवरचा छोटा पूल ओलांडून गिरणीशी गेलो.

रॉबर्ट ब्लिंको नावाचा एक मुलगा इथे होता. आईबाप कोण ते त्याला कधीच कळले नाही. लंडनच्या सेंट पँक्रस वर्कहाउसातून १७९९ मध्ये, वयाच्या सुमारे सातव्या वर्षी, त्याला इतर पोरांबरोबर नॉटिंगहॅमजवळच्या एका गिरणीत पाठवले. जाण्यापूर्वी पोरांना सांगण्यात आले होते म्हणे, की तिकडे मांसाचे भोजन मिळेल आणि मालकाच्या घोड्यांवर बसायला मिळेल. ती गिरणी बंद पडल्यावर त्याची रवानगी लिटनला झाली. पुढे मोठेपणी त्याने आपली हकीकत जॉन ब्राउन नावाच्या पत्रकाराला सांगितली. ती १८२८ मध्ये प्रथम एका नियतकालिकात आणि १८३२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. चालत्या यंत्राखाली सरपटत जाऊन सांडलेला कापूस वेचायचा. चौदा चौदा, कधी त्याहून जास्त तास. झोप आली की मार. डुकरांसाठी ठेवलेल्या कुंडातले पिठाचे गोळे पळवून खायचे. काही अभ्यासकांना हे वर्णन भडक वाटते, आणि ब्राउन हा चळवळ्या माणूस होता हेही खरे. पण मी म्हणतो, निम्मे कमी करा. उरते तेही सात वर्षांच्या पोराला पुष्कळ आहे.

आणि कायदा नव्हता असे नाही. उमेदवार पोरांना दिवसाला बारा तासांहून अधिक राबवू नये, असा कायदा पार्लमेंटने १८०२ मध्येच केला होता. देखरेख कोणी करायची, तर आसपासच्या मॅजिस्ट्रेटने आणि धर्मोपदेशकाने. ते मालकाचे शेजारी. यापुढे सांगायला नको. दगावलेली पोरे टाइड्सवेल आणि टॅडिंग्टन या वरच्या गावांच्या चर्चच्या आवारांत पुरलेली आहेत. ब्लिंको मात्र जगला, सुटला, स्वतःचा छोटा धंदा काढला, १८३३ च्या चौकशीत साक्ष दिली, आणि त्याचा मुलगा केंब्रिजला शिकून धर्मोपदेशक झाला.

मराठीच्या प्राध्यापकाच्या डोक्यात अशा वेळी दुसरेच नाव येते. नारायण सुर्व्यांचे ‘माझे विद्यापीठ’ मी कित्येक वर्षे वर्गात शिकवतो. तेही आईबाप ठाऊक नसलेले मूल, फुटपाथवर सापडलेले. फरक इतकाच, की त्यांना उचलून घरी नेणारा गंगाराम सुर्वे हा स्वतः गिरणीकामगार होता. लंडनच्या करदात्यांना जे जड झाले, ते परळच्या चाळीतल्या एका कामगाराला झाले नाही. हा फरक मात्र इतकाच म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

आमचे घरही गिरणीचेच. आबा, म्हणजे माझे वडील, १९६६ साली वयाच्या अठराव्या वर्षी पाटण तालुक्यातून मुंबईला गेले आणि परळच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले; पुढे कायम झाले. सूतखात्यात यंत्रांच्या दोन रांगांमधून आठ तास येरझाऱ्या घालायच्या आणि तुटलेला धागा चालत्या यंत्रावर जोडायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख माणसे बाहेर पडली, त्यांत आबा होते. पुढे काय झाले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. आम्ही गावी आलो. आबांनी एक जुनी सायकल घेतली, तिला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या अडकवल्या, आणि कोयनेच्या काठच्या मुरमाच्या रस्त्याने पहाटे दूध घालायला सुरुवात केली. माझे शिक्षण त्या सायकलीवर झाले. त्यांचा खोकला मात्र गिरणीचा, तो अजून आहे.

लिटनच्या गिरणीच्या आवारात आता मोटारी उभ्या होत्या, कुंड्यांत फुले होती, दारांना पितळी कड्या होत्या. गिरणीचे फ्लॅट झाले आहेत. क्रेसब्रुकचेही तेच. इमारत तीच ठेवली आहे. दगड, खिडक्या, सारे जपले आहे. परळ-लोअर परळला आम्ही तेवढेही केले नाही. एखादी चिमणी ठेवली, तिच्याभोवती काचेचे मनोरे उभे केले, आणि चिमणीचा उल्लेख जाहिरातीत केला. नदीकाठी एक वृद्ध बाई रोपट्यांना पाणी घालीत होत्या. भाच्याने त्यांना सरळ विचारले, की इथे मुले काम करायची हे तुम्हाला माहीत आहे का. त्या म्हणाल्या, “हो तर. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो, तेव्हा आठवण येते.” एवढेच बोलून त्यांनी झारी खाली ठेवली आणि आम्हाला पायवाटेचा सोपा चढ दाखवला.

वर आल्यावर भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, सात म्हणजे इयर टू.” तिकडची दुसरी इयत्ता. मी त्याला आणखी एक आकडा सांगितला. आपल्याकडे मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली, आणि हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला १८८१ मध्ये. त्यात मुलांचे किमान वय किती ठरवले? सात! सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तास काम. आणि तोही कायदा व्हावा म्हणून जोर लावणाऱ्यांत लँकशरचे गिरणीमालक पुढे होते; मुंबईच्या पोरांच्या कळवळ्यापेक्षा मुंबईच्या स्वस्त कापडाची धास्ती त्यांना अधिक होती. कामगाराला रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडावे लागले, आणि ती नारायण मेघाजी लोखंड्यांना झगडून मिळवावी लागली.

मिलर्स डेलच्या जुन्या स्टेशनात चहा घेतला. तिथून आबांना फोन लावला. गावी संध्याकाळ झाली होती, मागे म्हशी ओरडत होत्या. मी सगळे सांगितले. पाण्यावर चालणारी गिरणी म्हटल्यावर त्यांनी मला मध्येच थांबवले.

“पाण्यावर? मग उन्हाळ्यात पाणी आटलं की काय करायचे? खाडा धरायचे का पोरांचा?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता, आणि तो नेमका होता. पाणी कमी पडून यंत्रे थांबली की बुडालेले तास पुढे पाणी आल्यावर जादा राबवून भरून घेत. १८३३ च्या कायद्यानेसुद्धा पाण्यावरच्या गिरण्यांना ही सवलत ठेवली होती. आबांना तसे सांगितले.

“वाटलंच,” आबा म्हणाले. “दगड तसाच आहे न्हवं? मजबूत असंल.” मग विचारले, “आणि सायकल कुठली? चेन वाजत न्हाई ना?” मी म्हटले, नाही वाजत. “दूध घालायला बरी हाय का?” मी भाच्याच्या सायकलीकडे पाहिले. तिला कॅरिअरच नव्हते. हे ऐकून आबांना तिकडच्या कारागिरीविषयी जी काही शंका होती ती पक्की झाली असावी.

पुढचा टप्पा मी थोडक्यात आटोपतो, कारण त्या दिवशी आम्हीही तो थोडक्यातच आटोपला. पावसाची चिन्हे होती. चुन्याच्या प्रचंड भट्ट्या किल्ल्याच्या तटासारख्या उभ्या आहेत. कड्यांवर दोर बांधून तरुण पोरे-पोरी चढत होत्या. ची टॉरचा बोगदा ओलांडला की खाली नदी अगदी जवळ येते आणि कडे इतके पुढे झुकतात, की जणू वाकून पाण्यात काय पडले ते शोधीत आहेत. पाऊस आलाच. ओल्या चुनखडीचा पांढरा चिखल चाकांनी उडवून आमच्या पाठींवर नक्षी काढली. भाच्याच्या महागड्या सायकलीला मडगार्डही नव्हते, हे आबांना सांगितलेले नाही.

ब्लॅकवेल मिलला वाट संपते. इथून पुढे बक्सटनकडे जिवंत रूळ आहेत. मधल्या साडेआठ मैलांवरही पुन्हा रूळ घालून मँचेस्टरचा मार्ग जोडावा, अशी मागणी तिकडे अधूनमधून होत असते. रस्त्यांवरच्या मोटारी कमी व्हायच्या तर रेल्वे हवी, असे एक बाजू म्हणते; आमच्या सायकलींनी मग कुठे जावे, असे दुसरी म्हणते. दोन्ही बाजूंना आगगाडी किंवा सायकल हवी आहे, मोटार कुणालाच नको, असे भांडण मी आयुष्यात प्रथमच ऐकले.

आम्ही पुलाजवळच्या झाडाखाली पाऊस थांबायची वाट पाहत उभे होतो, तेवढ्यात पलीकडच्या रुळांवरून खाणीतला दगड भरलेली मालगाडी आली. सावकाश, धडधडत. भाचा डबे मोजू लागला. बाविसावर त्याचा हिशेब चुकला, त्याने मला विचारले, मी चोवीस म्हणालो. मग गाडी वळणाआड गेल्यावरही त्या दोन डब्यांवरून आमचा वाद हॅसॉपपर्यंत चालू राहिला.